आजीच्या डबीतला ताईत उघडावा का?

तळ्याकाठचा (धागाकर्ता) · शनिवार, सकाळी ९:१०

मिरजेचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर आजीची पितळी डबी सापडली. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की शेवटी विळीच्या टोकाने उचकटावं लागलं. आत निघालेला माल असा:

काळ्या मण्यांच्या दोन मनगट्या, दोरा कुजलेला. काळ्या दोऱ्यात ओवलेला एक भोकाचा पैसा, १९४४ सालचा. चांदीत मढवलेलं एक वाघनख. एक राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढी बी. आणि एक चांदीचा ताईत, नळकांडीसारखा, करंगळीच्या दोन पेरांएवढा. एक टोक डागलेलं, दुसऱ्या टोकाला काळी लाख. कानाशी धरून हलवला तर आत काहीतरी सरकतं.

आमची मुलगी तीन महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, घरचंच आहे, बांधा की एखादं. बायको म्हणते, त्या डबीतलं काहीही माझ्या पोरीच्या अंगाला लागणार नाही. मी नेहमीप्रमाणे मध्ये. आई कोल्हापूरला भावाकडे आहे, फोनवर तिला ऐकू येत नाही, रविवारी भेटल्यावर विचारीन.

तोवर जाणकारांनी सांगा: यातलं काय कशासाठी असतं? आणि ताईत उघडावा का?

टवाळ_टोळ · ९:१८

उघडू नका. जिन निघाला आणि 'सत्तर वर्षांचं भाडं थकलंय' म्हणाला तर काय करणार?

अळूवडी · ९:४०

डबी म्हणजे अख्खं बाळंतपण आहे की हो!

मनगट्या तर कळल्याच. काळा मणी, काळा दोरा, काजळाची तीट हे सगळं एकाच घरातलं. बाळ गोंडस दिसलं की बघणाऱ्याची नजर त्याच्यावर ठरते, म्हणून त्याच्यात मुद्दाम एक खोट काढून ठेवायची. माझ्या सासूबाई तीट कधी कपाळाच्या मधोमध लावत नसत. गालाला नाहीतर कानामागे, आणि बाहेर जायचं असेल तर तळपायालासुद्धा. मधोमध लावली तर तो शृंगार झाला, बाजूला लावली तर डाग, असं त्यांचं म्हणणं.

भोकाचा पैसा १९४३ ते ४७ या काळातला. युद्धात धातू वाचवायला सरकारने मध्ये भोक पाडलं आणि बायकांना आयता ओवायला पैसा मिळाला. आमच्याकडे असा एक होता, पण तो कंदिलाला वॉशर म्हणून गेला.

बी सागरगोट्याची वाटते. फोटो टाका.

बियाबियाणे · १०:०५

फोटोची गरज नाही. राखाडी, गुळगुळीत, गोटीएवढी म्हणजे सागरगोटाच, अर्थात गजगा. पूर्वी मुली याने खेळायच्या आणि बाळगुटीतही तो उगाळायचे. गर्भ टिकावा म्हणून गरोदर बाईच्या कमरेला किंवा गळ्यात लाल दोऱ्यात बांधायची चाल बऱ्याच भागांत होती. बीचं कवच दगडासारखं असतं आणि आतला गर सुटून हलला की खुळखुळा होतो. त्याला भोक पाडलंय का बघा. भोक नसेल तर खेळातलाच चुकून डबीत गेला असेल.

'बजरबट्टू' म्हणतात तो हा नव्हे. ती एका मोठ्या ताडाची बी. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. बाजारात मात्र काहीही बजरबट्टू म्हणून विकतात.

तळ्याकाठचा · १०:११

भोक आहे. आरपार.

रानवाटा · १०:३०

बाकीचं राहू द्या, वाघनखाचं आधी बघा.

खरं असेल तर ते जवळ बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आजीचं होतं, आम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणून भागत नाही. वडिलोपार्जित वस्तूलासुद्धा मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्याकडे असं काही होतं त्यांना २००३ मध्ये ते जाहीर करायची मुदत दिली होती, ती कधीच संपली. मुलीच्या गळ्यात घालून फोटो व्हॉट्सॅपवर टाकलात तर पुरावा तुम्हीच दिलात.

आता जरा दिलासा. अशी नखं बहुतेक वेळा खोटी निघतात, म्हशीच्या किंवा बैलाच्या शिंगातून कोरलेली. आणि कुणी 'तापलेली सुई टोचून वास बघा' सांगेल तर ऐकू नका. शिंग काय नि नख काय, दोन्ही एकाच द्रव्याची, दोन्हीला जळक्या केसांचाच वास. त्याने फार तर प्लास्टिक ओळखू येईल. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात एक साधा अर्ज घेऊन जा आणि दाखवा.

याच्याच भावंडात 'हत्ताजोडी' येते. दोन हात जोडल्यासारखी मुळी म्हणून धनलाभासाठी विकतात. ती मुळी नसते, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपडी त्यापायी मारल्या जातात आणि लोक ते शेंदूर लावून तिजोरीत ठेवतात.

टवाळ_टोळ · १०:३४

शेवटचं वाक्य वाचून आमच्या शेजाऱ्यांच्या तिजोरीबद्दलचा आदर एकदम बदलला.

बालडॉक · ११:२०

तीन महिन्यांच्या बाळाच्या गळ्यात काहीही बांधू नका. दोरा पाळण्याच्या खिळ्यात अडकतो, मणी सुटून तोंडात जातो. मनगटीचा दोरा घट्ट झालेला चरबीच्या वळीत दिसत नाही. मी एकदा कात्रीने कापून काढला होता. आत लाल खाच पडली होती आणि आई रडत होती की 'अपशकुन झाला'.

काजळ लावायचंच असेल तर डोळ्यांत नको. विकतच्या सुरम्यात शिसं असू शकतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ तळपायाला लावा, तिथे माझी हरकत शून्य.

बिब्बा मात्र अजिबात नको! त्याच्या तेलाने कातडी भाजते. पोटदुखीवर बिब्ब्याचे डाग दिलेली बाळं माझ्याकडे अजूनही येतात.

आता एक गोष्ट माझ्याच पंथाविरुद्ध. काळ्या करगोट्याची मी कधी टिंगल करत नाही. गावातली आई वजनकाटा बघत नाही, पण 'करगोटा सैल व्हायला लागला' हे तिला आठवड्यात कळतं. कित्येक कुपोषित बाळं मला त्या एका वाक्यावरून सापडली आहेत.

जोशीबुवा_सदाशिव · ११:५०

डॉक्टरसाहेब, म्हणजे शास्त्र होतंच ना पूर्वजांना! लिंबू-मिरचीचंही तसंच. दोऱ्यातून लिंबाचा रस वर चढतो, मिरचीतली जीवनसत्त्वं हवेत मिसळतात आणि घरात कीटक येत नाहीत.

गिरणगावकर · १२:१५

जोशीबुवा, आमच्या दुकानाला तीस वर्षं लिंबू-मिरची लागतेय आणि मिठाईवर माश्याही तितकीच वर्षं बसतायत.

दर शनिवारी सकाळी सातला पोऱ्या येतो. खांद्यावर काठी, काठीला पन्नासेक तारा लटकलेल्या. तारेत खाली कोळसा, मग लिंबू, वर सात हिरव्या मिरच्या, कधी बिब्बाही. जुनी काढतो, रस्त्यावर टाकतो, नवी अडकवतो आणि न बोलता पुढे. पैसे महिन्याला. माझ्या वडिलांनी सांगितलेलं कारण साधं होतं: लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, तिला आंबट-तिखट आवडतं. दारातच पोटभर मिळालं की ती आत येत नाही. थोडक्यात, नको त्या पाहुण्याला ओसरीवरच जेवू घालायचं.

ही गोष्ट मला जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी पटते. निदान तिच्यात माणूस दिसतो.

टाकलेल्या लिंबावर पाय पडू नये म्हणून लोक ज्या उड्या मारतात, तो दादर स्टेशनबाहेरचा शनिवारचा फुकट तमाशा.

अळूवडी · १२:२२

+१. आणि 'दृष्ट नसेल तर मिरच्यांचा ठसका येतो, असेल तर येत नाही' हे राहिलंच. माझी आजी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन ओवाळायची, 'आल्यागेल्याची, कुत्र्यामांजराची, पाप्याचांडाळाची' म्हणत चुलीत टाकायची. घरभर खोकला सुटला तरी तिचा निकाल ठरलेला: 'बघ, वास नाही आला, केवढी लागली होती!'

पणजीची_पोर · १२:४५

हे फक्त हिंदूंचं नाही हां. आमच्या शेजारची मावशी पक्की कॅथलिक, दर रविवारी चर्चला. पण नातवाला ताप आला की मीठ-मिरच्या घेऊन दिश्ट काढते, फक्त तोंडात मंत्राऐवजी तिची प्रार्थना. दारामागे ईस्टरच्या आधीच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळीचा क्रूस खोचलेला असतो, तो वर्षभर हलवायचा नाही.

विवेकी_वाटसरू · दुपारी १:३०

गंमतजंमत ठीक आहे, पण या गोष्टींचा धंदा होतो तेव्हा ती गंमत राहत नाही.

१९५४ पासून जाहिरातींबद्दल एक केंद्रीय कायदा आहे. त्यात ताईत, मंत्र आणि कवच यांना नाव घेऊन 'जादुई उपाय' म्हटलंय. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणं त्यात स्पष्ट गुन्हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने टीव्हीवरच्या 'यंत्रां'च्या जाहिरातीसुद्धा या कायद्यात बसवल्या.

जोशीबुवा_सदाशिव · १:४१

म्हणजे आजीने नातवाला तीट लावली तर तुरुंग?

विवेकी_वाटसरू · १:५२

नाही. पूर्ण वाचा, मग चिडा. अंगावर काय घालावं हे कायदा सांगत नाही. दुसऱ्याला फसवण्याबद्दल आणि उपचार रोखण्याबद्दल आहे तो. मराठी भाषेला तर हे आधीच माहीत होतं. गंडा 'बांधतात' आणि गंडा 'घालतात', दोन्ही रोजच्या वापरातले.

तानपुरा · २:१०

गंड्यावर आमचाही हक्क आहे. शागिर्द करून घेताना उस्ताद मनगटाला गंडा बांधतात, त्याला गंडाबंध शागीर्द म्हणतात. आणि धागाकर्ते मिरजेचे! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं होतं. मी दोनदा रात्रभर बसलोय. अवांतराबद्दल क्षमस्व.

निशिकासाई_निवासी · २:४०

मूळ प्रश्नाकडे येतो, उघडावा का. इकडे जपानमध्ये देवळात 'ओमामोरी' मिळतं. छोटी रेशमी पिशवी, परीक्षेची वेगळी, बाळंतपणाची वेगळी, गाडीची वेगळी. आत कागद किंवा लाकडाची पट्टी असते आणि पिशवी उघडायची नाही हा नियम, उघडली की संरक्षण गेलं. वर्ष झालं की देवळात परत द्यायची, ते विधिपूर्वक जाळतात, आपण नवीन घ्यायची. माझ्या मुलाने सहाव्या वर्षी उघडलं. आत पुठ्ठा निघाला. त्याच्यापेक्षा जास्त निराश मीच झालो.

टवाळ_टोळ · २:४४

दरवर्षी नवीन घ्यायचं? याला ताईत नाही, वर्गणी म्हणतात.

मास्तर_निवृत्त · ४:०५

डबीतल्या वस्तूंबद्दल सगळे बोलले, पण सर्वांत स्वस्त ताईत राहिला: नाव.

मी ज्या गावात शिकवलं तिथे हजेरीपटावर दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी रांगच असे. आधीची मुलं दगावलेली असत. मग नंतरच्याला असं नाव ठेवायचं की सटवाईलाही वाटावं, यात काय घ्यायचं? काही घरांत मूल जन्मल्यावर शेजारणीला द्यायचे आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचे. तो कोंडाजी नाहीतर कोंडीबा. मुलाचं नाकही टोचायचे, मुलगी समजून सोडून द्यावं म्हणून. (मुलींच्या वाट्याला असलं राखणं कधी आलं नाही, हेही इथेच लिहून ठेवतो.)

सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री कपाळावर लिहायला येते म्हणून पाटा-वरवंट्याशेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा अडकित्ता. तिला लिहूही द्यायचं आणि लोखंडाने दूरही ठेवायचं. श्रावणात भिंतीवर लागणाऱ्या जिवतीच्या कागदावर तर 'जरा' नावाची मुलं खाणारी राक्षसीण आहे, आणि तिच्याच मांडीवर नि आजूबाजूला मुलं. जिची भीती तिलाच दाई करून टाकलंय आपल्या बायकांनी. याहून हुशार ताईत मी पाहिला नाही.

अळूवडी · ४:१२

मास्तर, वाचनखूण साठवली.

तळ्याकाठचा · रविवार, दुपारी १२:५०

उघडला.

बायकोच म्हणाली, आता एवढं वाचल्यावर झोप लागणार नाही. गल्लीतल्या सोनाराकडे गेलो. त्याने आधी विचारलं, 'घरी विचारलंय ना?' मग बारीक चिमट्याने लाख कोरली. ती खडीसाखरेसारखी तुकड्यातुकड्याने निघाली. आतून थोडा कापूस आणि घडी घातलेला कागद, विडीएवढी सुरळी. उलगडताना एक कोपरा तुटला.

मला वाटलं होतं रामरक्षा असेल. नाही. नऊ घरांचा चौकोन आहे, तपकिरी शाईत. अक्षरं मोडी नाहीत, मोडी मला थोडी येते. मधल्या घरात उलट्या बदामासारखं काहीतरी. त्याच्या उजवीकडे चक्क इंग्रजी व्ही. खाली डाव्या कोपऱ्यात तोच व्ही उलटा. खाली मधोमध नुसती उभी रेघ. वर मधोमध इंग्रजी नऊसारखं. डावीकडचा वरचा कोपरा तुटला तो.

कुणाला काही कळतंय?

गणिती_गोम · १:०५

कळतंय! ते आकडे आहेत, उर्दू पद्धतीचे. उलटं बदाम म्हणजे पाच, व्ही म्हणजे सात, उलटा व्ही आठ, रेघ एक, आणि नऊ तो नऊच. तुटलेल्या कोपऱ्यात चार असणार. भरून बघा:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवे, उभे, तिरके, कसेही मिळवा, पंधरा. आपल्याकडे यालाच पंधरिया यंत्र म्हणतात आणि भूर्जपत्रावर लिहून देतात. चीनमध्ये हाच चौकोन लो शू. मुसलमानी ताविजांत याला आणखी एक अर्थ आहे. कोपऱ्यांतले आकडे बघा: दोन, चार, सहा, आठ. अरबी अक्षरांना आकड्यांची किंमत असते, त्या हिशोबाने बे, दाल, वाव, हे. जोडून 'बदूह'. हा शब्दच राखण करतो असं मानून तो पत्रांच्या पाकिटावरही लिहीत. आणि आपला 'ताईत' हा शब्द 'तावीज'चाच भाऊ.

जोशीबुवा_सदाशिव · १:२०

धागाकर्त्यांच्या आजी कोकणस्थ ना? मग हे घरात कसं आलं?

तळ्याकाठचा · रात्री ९:३५

आजच कोल्हापूरला जाऊन आलो. आईच्या हातात कागद दिला. तिने चष्मा पुसला, कागद बघितला आणि म्हणाली, 'हा दगडूचा.'

दगडू म्हणजे माझे बाबा. शाळेत वेगळं नाव, घरात दगडू. आम्हाला वाटायचं, थट्टेने म्हणतात. मास्तर, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. बाबांच्या आधी आजीची दोन मुलं गेली होती, हे मला आज कळलं. तिसऱ्या खेपेला आजी दर गुरुवारी मीरासाहेबाला जायची, आजोबांना न सांगता. तिथल्या एका म्हाताऱ्याने हा लिहून दिला. पुढे आजोबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले म्हणे, 'सोनाराकडून नीट बंद करून घे, पाणी जाईल.' संध्या चुकवली नाही आयुष्यात त्या माणसाने.

सागरगोटा आजीने स्वतः कमरेला बांधला होता, त्याच खेपेला.

मुलीला काहीही बांधलेलं नाही, बालडॉक. आईने मात्र निघताना नकळत तिच्या तळपायाला तीट लावली. बायकोने पाहिली. पुसली नाही.

विवेकी_वाटसरू · ९:५०

आजोबांचं वाक्य आवडलं. माझं मत तेच आहे, पण आवडलं.

तळ्याकाठचा · बुधवार, संध्याकाळी ६:१५

रानवाटा, अर्ज घेऊन वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी भिंग लावून, उजेडात धरून बघितलं आणि सांगितलं, शिंग आहे, म्हशीचं. तसं लिहूनही दिलं.

टवाळ_टोळ · ६:१९

म्हणजे इतकी वर्षं राखण म्हशीने केली आणि नाव वाघाचं झालं. निषेध.

अळूवडी · ६:४०

ताईत पुन्हा बंद केलात का? लाख भरायला किती घेतले सोनाराने?

तळ्याकाठचा · ७:०२

केला, कागद आत घालूनच. घेतले काहीच नाहीत. म्हणाला, आत काय निघालं तेवढं सांगा.